कोपर, बूट आणि पांढरा कागद



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. २०२३च्या हिवाळ्यात मी लेकीकडे ओहायोत होते, तेव्हापासून एक विषय डोक्यात घोळतोय. ऐकून हसाल. विषय आहे पत्र्याचे नळ! आयुष्यभर मुलांना शिवाजी महाराज आणि फ्रेंच राज्यक्रांती शिकवणाऱ्या बाईने म्हातारपणी पत्र्यावर लिहावं, हे मलाही जरा विचित्रच वाटतंय. पण त्याला कारण घडलं.

तर झालं असं. लेकीचं घर जुनं, शंभरीला टेकलेलं. तळघरात एक भट्टी आहे (तिथे सगळे फर्नेसच म्हणतात). तिच्यात तापलेली हवा पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत जाते आणि उन्हाळ्यात त्याच नळांतून गार हवा येते. या नळांना म्हणायचं डक्ट. सगळं घर उबदार, पण नातीची खोली मात्र गारठलेली. पोरगी दोन स्वेटर घालून अभ्यासाला बसायची. "आजी, फर्नेसने माझ्या खोलीशी कट्टी घेतलीय," म्हणायची.

एका रविवारी जावई बघायला खाली उतरले, त्यांच्यामागे मीही. वर पाहिलं तर तळघराच्या छताला पत्र्याचं जंगल लटकलेलं! एक मोठा चौकोनी नळ मधोमध गेलेला, आणि त्याला दोन्ही बाजूंनी गोल नळांचे फाटे. जावई एकेकाची ओळख करून द्यायला लागले. जिथे नळ वळतो तो तुकडा एल्बो, म्हणजे कोपर. त्या कोपराच्या आतल्या बाजूला म्हणतात गळा, आणि बाहेरच्या बाजूला टाच. कोपराला गळा आणि टाच! शरीरशास्त्राच्या पेपरात कोणी असं लिहिलं असतं तर बाकावर उभं केलं असतं. गोल नळ येऊन जमिनीतल्या चौकोनी जाळीला मिळतो तिथला तुकडा म्हणजे बूट. मोठ्या नळाला भोक पाडून फाटा काढायचा, तिथे बसते ती कॉलर. दोन पाय फुटतात त्या तुकड्याला पँट. मला तर एखादा मनुष्यच तुकड्यातुकड्यांनी छताला टांगलाय असं वाटायला लागलं.

असा एक बूट भिंतीत शिरत होता. त्याच्या सांध्यावर पांढुरका, जाड्याभरड्या खादीसारखा कागद चिकटवलेला होता आणि एका कडेला सुटून लोंबत होता. शिक्षकाचा हात तो! वहीचं सुटलेलं कव्हर दिसलं की आपोआप पुढे जातो. मी नखाने ती कड उचलली.

"आई, हात लावू नका!"

जावई इतक्या मोठ्याने ओरडले की मी दचकून मागे सरले. वीस वर्षांत या माणसाचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, हा कागद ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. हात धुतले, अंगावरचे कपडे पिशवीत बांधून ठेवले. दोन दिवसांनी तपासणी करणारा माणूस तोंडाला मुखवटा लावून आला, कागद ओला करून त्याचा नखाएवढा तुकडा घेऊन गेला. अहवालाला आठवडा लागणार होता.

त्या आठवड्यात करायला काय होतं? मी वाचत बसले. गावातल्या वाचनालयात आणि इंटरनेटवर. भीती घालवायचा माझा तोच एक उपाय आहे.

उबदार हवा घरात खेळवायची कल्पना जुनीच. रोमन लोक फरशी बुटक्या खांबांवर उचलून धरत, तिच्याखालून आगीची गरम हवा सोडत आणि भिंतीतल्या पोकळ विटांतून ती वर काढत. पण ते सगळं विटांचं, मातीचं काम. एकदा बांधलं की बांधलं. हवेला वाटेल तिथे वळवून न्यायची तर पत्राच हवा.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात तळघरात कोळशाच्या भट्ट्या आल्या. त्यांना पंखा नव्हता. गरम हवा हलकी म्हणून आपणहून वर चढायची, थंड झाली की जड होऊन खाली यायची. एवढ्याच जोरावर सगळा कारभार. त्यामुळे नळ चांगले जाडजूड करावे लागत, भट्टी घराच्या मध्यभागी लागे, आणि प्रत्येक नळाला फुटाला इंचभर असा चढ द्यावा लागे. मधोमध भट्टी आणि चहूबाजूंना वर जाणारे हातासारखे नळ, म्हणून लोक तिला ऑक्टोपस म्हणत. आजही जुन्या घरांत हे ऑक्टोपस क्वचित सापडतात. या मंद हवेला वळणं अजिबात सोसत नसत. माझंही तसंच आहे, जिना सरळ असेल तर हळूहळू चढते, वळण आलं की कठडा धरून थांबावं लागतं. म्हणून जुने कारागीर कोपर शक्य तितके टाळत, आणि टाळता आलं नाही तर वळण ऐसपैस देत. वरच्या मजल्यावर जायचं तर नळ भिंतीतूनच न्यायचा. तिथल्या भिंती लाकडी सांगाड्याच्या, उभ्या लाकडांमधली पोकळी साडेतीन इंचांच्या आसपास. मग तो नळ चपटा केला, सव्वातीन इंच जाडीचा. ते माप आजही तसंच चालू आहे. दुकानात जा, सव्वातीन बाय दहाचा नळ मिळतो.

मग पंखा आला. आणि इथे मला एक गोष्ट सापडली, जिने मी आनंदले. सॅम्युअल डेव्हिडसन नावाचा आयर्लंडचा एक मुलगा १८६४ साली आपल्या आसामकडच्या काछाडला चहाच्या मळ्यावर नोकरीला आला. चहाची पानं तेव्हा कोळशाच्या शेगड्यांवर वाळवत. त्याने गरम हवेने चहा वाळवायचं यंत्र केलं, मायदेशी परतून १८८१ साली बेलफास्टला कारखाना काढला. नाव ठेवलं सिरॉको, म्हणजे सहाराकडून भूमध्य समुद्रावर येणारा उष्ण वारा. हवा ढकलायची तर पंखा हवा, म्हणून तो पंख्यांच्या मागे लागला आणि एक नवा पंखा काढला. खारीच्या फिरत्या पिंजऱ्यासारखा पोकळ दंडगोल, त्याच्या कडेने खूप सारी अरुंद पाती, आणि पाती फिरण्याच्या दिशेला पुढे वाकलेली. लेकीच्या फर्नेसचं झाकण जावयांनी काढून दाखवलं तर आत त्याच जातीचा पंखा! काछाडच्या चहाचा धागा ओहायोच्या तळघरात असा निघाला.

त्याच बेलफास्टमध्ये १९०३ साली रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटल उघडलं. तिथे वॉर्डांच्या खालून एक लांबच लांब विटांचा बोगदा होता, त्यातून पंख्यांनी हवा ढकलून वॉर्डांत सोडत. आत येणारी हवा आधी काथ्याच्या ओल्या दोरांच्या पडद्यातून जाई, म्हणजे धूळही अडे आणि ओलावाही येई. आपल्याकडच्या वाळ्याच्या ताट्या आठवल्या की नाही? याच्या एकच वर्ष आधी, १९०२ साली, अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी विलिस कॅरियरने हवेतली आर्द्रता काबूत ठेवणारी यंत्रणा आखली होती. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत, ही अडचण. माणसांच्या गारव्याचा विचार नंतरचा, आधी कागदाचे लाड!

घरांच्या बाबतीत एक नाव सांगायलाच हवं. ॲलिस पार्कर. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनची कृष्णवर्णीय स्त्री. तिला २३ डिसेंबर १९१९ रोजी गॅसवर चालणाऱ्या भट्टीचं पेटंट मिळालं. तिच्या आराखड्यात वेगवेगळ्या खोल्यांना वेगवेगळे नळ होते आणि प्रत्येकाची उष्णता वेगळी कमीजास्त करता यायची. तिने काढली तशी भट्टी काही बाजारात आली नाही, पण खोलीगणिक ऊब ही कल्पना टिकली. तिच्या आयुष्याबद्दल फारच थोडं ठाऊक आहे. इंटरनेटवर तिचे म्हणून फिरणारे फोटोसुद्धा दुसऱ्याच बायकांचे आहेत.

विजेचे पंखे घरगुती भट्ट्यांना बसायला लागले ते साधारण १९३०च्या दशकात. आता हवेला ढकलणारं कोणी मिळालं. नळ बारीक झाले, भट्टी कोपऱ्यात सरकली, चढ लागेना, वळणं चालायला लागली. तळघर मोकळं झालं आणि तिथे मुलांचे खेळ मांडले गेले. मात्र वळणं चालायला लागली म्हणजे फुकट झाली असं नव्हे. काटकोनात करकचून वळवलं तर हवा बाहेरच्या भिंतीवर आपटते, आतल्या बाजूला भोवरे होतात आणि पंख्याचा जोर तिथेच खर्च होतो. म्हणून चांगला कारागीर कोपराचा गळा गोल ठेवतो, आणि जागाच नसेल तर आत वाकडी पाती बसवून हवेला हाताला धरून वळवतो.

हे कारागीर कोण? तर मुळात टिनकाम करणारे. आपल्याकडे जो पत्रेवाला डबे, नरसाळी, चाळणी आणि पागोळ्यांच्या पन्हळी करायचा, तोच हा माणूस. अमेरिकेत तो छपरं करी, पन्हळी करी, आणि इमारतींच्या माथ्यावर दगडी कोरीवकाम वाटावं अशा पत्र्याच्या नक्षीदार पट्ट्या करी. १८८८ साली याच ओहायोतल्या टोलेडो शहरात या लोकांची संघटना स्थापन झाली. तिच्या नावात टिन होतं, लोखंडी पत्रा होता, त्या नक्षीच्या पट्ट्याही होत्या. हवेचे नळ नव्हते! पुढे नक्षीची हौस संपली, इमारती सपाट झाल्या, आणि हेच हात डक्टच्या कामाला लागले. कोपर, बूट, कॉलर ही नावं त्यांचीच असणार. कापडाला शिवण असते तशी पत्र्यालाही शिवणच म्हणतात. कड दुमडून खिसा करायचा, दुसऱ्या पत्र्याची उभी कड त्यात बसवायची आणि वरून ठोकून मिटवायचं. या शिवणीला पिट्सबर्ग लॉक असं नाव आहे. आपल्या पत्र्याच्या ट्रंकेच्या कडा निरखून पाहा, भाऊबंद दिसेल.

पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला. ही युक्ती फ्रान्सच्या सोरेलची, पेटंट १८३७चं. त्याला गॅल्व्हनाइज्ड म्हणतात, ते बेडकाच्या पायांना विजेचे झटके देणाऱ्या इटालियन गॅल्व्हानीवरून. वास्तविक वितळलेल्या जस्तात पत्रा बुडवायला वीज मुळीच लागत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आणखी एक वेडेपणा म्हणजे गेज. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. २६ गेजचा सुमारे अर्धा मिलिमीटर, ३० गेजचा त्याहून पातळ. गुण वाढले की नंबर खाली जातो, तसंच काहीसं.

आता माझा सर्वांत आवडता भाग. सपाट पत्र्यातून गोल कोपर होतो कसा? नरसाळ्याचं सोपं आहे, शेंगदाण्याची पुडी उलगडली की कळतं. कोपराचं तसं नाही. नातीला आणि मला ते कळेना. शेवटी मी एक गाजर घेतलं, त्याला कागद घट्ट गुंडाळला आणि सुरीने कागदासकट तिरका काप दिला. कागद उलगडला तर त्याची कड सरळ नव्हती, लाटेसारखी वरखाली गेलेली! नात किंचाळलीच, "आजी, ही तर साइन वेव्ह!" त्रिकोणमितीतली ती लाट शाळेत फळ्यावर काढतात तीच. पत्र्यावर आधी अशी लाट आखायची, कापायची, मग गुंडाळायचं. अशा तिरक्या कापांचे चार तुकडे एकमेकांना जोडले की काटकोनी वळण तयार. दुकानातला कोपर तर असा असतो की ते चारही तुकडे जागच्या जागी फिरवता येतात. एका बाजूने फिरवले तर नळ सरळ, दुसरीकडे फिरवले तर वळला. आम्ही दोघींनी त्या दिवशी पाच गाजरं कापली. संध्याकाळी कोशिंबीर झाली.

पण अहवाल अजून यायचा होता, आणि मनात तो कागद होताच.

पत्रा कितीही नीट वळवला तरी दोन तुकड्यांच्या सांध्यातून हवा निसटते. एका तुकड्याच्या तोंडाला बारीक चुण्या पाडून तो दुसऱ्यात सारतात, चुण्यांची बाजू हवा जाते त्या दिशेला. त्यावर सभोवार निदान तीन स्क्रू. तरी फट राहतेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती फट बुजवायला हाताशी एक सोयीचा पदार्थ होता. जळत नाही, उष्णता अडवतो, स्वस्त आहे, कागदासारखा कापून खळीने चिकटवता येतो. ॲस्बेस्टॉस. लाखो घरांत हे कागद आणि फिती लागल्या. शिवाय मोठ्या इमारतींत लोखंडी तुळयांवर आगीपासून बचावासाठी ॲस्बेस्टॉस फवारत, त्याच छताखाली हे पत्रेवाले डक्ट टांगत. अमेरिकेत त्या फवारणीवर १९७३ साली बंदी आली.

टोलेडोत जन्मलेल्या त्या संघटनेने आणि मालकांच्या संघटनेने मिळून १९८६ साली कामगारांची तपासणी करण्यासाठी एक न्यास काढला. धंद्यात वीसेक वर्षं किंवा जास्त काढलेल्यांच्या छातीचे फोटो घेतले. नऊ हजारांहून अधिक कामगारांचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले, त्यांतल्या सुमारे ३१ टक्के लोकांच्या फुप्फुसांत किंवा त्यांच्या आवरणात ॲस्बेस्टॉसच्या खुणा होत्या. तिघांमागे जवळजवळ एक. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ खिडकीबाहेरचा बर्फ पाहत बसले. मी एक कड नखाने उचलली होती. ज्याने तो कागद घराघरांत, दिवसाला वीस वीस सांध्यांवर, उघड्या हातांनी चिकटवला, त्याच्या घरी संध्याकाळी त्याचे कपडे झटकणारी बायको असेल, त्या माणसाचं नाव कुठेच नाही.

आणि दुसरंही आठवलं. आमच्या शाळेच्या नव्या वर्गांवर सिमेंटचे पत्रे होते. आपण त्यांना सिमेंटचे म्हणतो, पण त्यांत ॲस्बेस्टॉसचेच तंतू असतात. मे महिन्यात गडीमाणसं ते खराट्याने झाडायची, फुटलेला तुकडा घेऊन मुलं जमिनीवर लंगडीची घरं आखायची. मीही कित्येकदा तो तुकडा खडूसारखा वापरलाय. तेव्हा आम्हांला कोणी "हात लावू नका" म्हटलं नाही. आपल्याकडे असे पत्रे अजून बनतात आणि विकले जातात. तुमच्या गावी घरावर किंवा गोठ्यावर असतील तर निदान फोडू नका, घासू नका, त्यांना भोकं पाडू नका.

ॲस्बेस्टॉस गेलं आणि डक्ट टेप आली. रुपेरी रंगाची ती चिकटपट्टी तुम्ही पाहिली असेल. तिचीही कथा आहे. व्हेस्टा स्टाउट ही दोन मुलगे आरमारात असलेली आई इलिनॉयमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसांची खोकी बंद करायची. खोक्यावरची कागदी पट्टी उघडताना फाटते, ऐन लढाईत सैनिकाचा वेळ जातो, हे तिला खटकलं. वरिष्ठांनी मनावर घेतलं नाही तेव्हा तिने फेब्रुवारी १९४३ मध्ये सरळ राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिलं, आकृती काढून! कापडी पट्टी करा म्हणाली. जॉन्सन अँड जॉन्सनने ती बनवली. युद्ध संपल्यावर तीच पट्टी पत्र्याला शोभेल अशा रुपेरी रंगात डक्टवर गेली. पुढे १९९८ साली कॅलिफोर्नियाच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत शर्मन आणि वॉकर या शास्त्रज्ञांनी सांधे बंद करणारे नाना पदार्थ उष्णता-थंडीच्या फेऱ्यांत घालून तपासले. नापास कोण झालं? कापडी डक्ट टेप! जिच्या नावातच डक्ट, तिला डक्टच झेपेना. साधारण अमेरिकी घरात पंख्याने ढकललेल्या हवेतली वीस ते तीस टक्के अशीच गळून जाते म्हणे.

अहवाल आला. ॲस्बेस्टॉसच होतं. तपासनिसाने सांगितलं, एवढ्याशा स्पर्शाने घाबरू नका, पण सुटी कड उघडी ठेवू नका. मग परवानाधारक माणसं आली, त्यांनी कागद न काढता त्यावर जाड लेप देऊन तो जागीच बंद केला.

नातीच्या खोलीचं कारण मात्र वेगळंच निघालं. ती खोली नंतर वाढवलेली. तिच्याकडे जाणाऱ्या नळाला ओळीने तीन कोपर होते, आणि तिसऱ्याच्या सांध्यावरची रुपेरी पट्टी वाळून गळून पडली होती. कोपर टाचेपाशी दोन बोटं सुटला होता. निम्मी ऊब तळघरातल्या जुन्या सुटकेसना मिळत होती! दुरुस्तीला आलेल्या माणसाने दोन कोपर काढून एकच ऐसपैस वळण दिलं, तीन स्क्रू मारले आणि राखाडी रंगाचा घट्ट लेप सांध्याभोवती फासला. आपण हंडीच्या झाकणाला कणीक लावून वाफ कोंडतो, अगदी तसा. वीस मिनिटांचं काम. त्याचे हात मी पाहत होते. हातमोजे होते.

त्या रात्री नातीने एक स्वेटर काढला. दुसरा आवडता म्हणून ठेवला. पांढरा कागद अजून तिथेच आहे, लेपाखाली. जावयांनी त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत इंग्रजीत सूचना लिहिली, आणि नातीने तिच्या खाली, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह, मराठीत: "आजि, हात लावु नको."